चंद्रलोक बारचा शिलेखाना

उज्जैनमध्ये मी जितकी पिस्तुलं झोपवली तितकी कुणी झोपवली नसतील. पिस्तुलं, रिव्हॉल्व्हरं, दुनाळ्या, आणि एकदा एका वरातीतून वाट चुकून आलेल्या नवरदेवाची तलवार. एक गोळी झाडली नाही, आवाज चढवला नाही (एकदाच चढवला, ते पुढे येईल), आणि मुख्य म्हणजे यातल्या एकाही हत्याराला बोट लावलं नाही. पुण्या-मुंबईचे वाचक म्हणतील, म्हातारा बाता मारतोय. मारतोय थोड्या. पण या लेखातल्या ज्या गोष्टी तुम्हाला सर्वांत खोट्या वाटतील नेमक्या त्याच खऱ्या आहेत. बाता मी भलतीकडे पेरल्या आहेत.

नानाखेड्याला बस स्टँडच्या पलीकडे चंद्रलोक रेस्टॉरंट अँड बार होता. त्याच्या दारात माझं उभं आयुष्य गेलं, आणि तेही उभ्यानंच. तेव्हा माझी मिशी अशी होती की मी दारात आलो की स्टँडवरच्या बसेस हॉर्न न वाजवता निघत. माधवनगरात नातेवाइकांना मात्र आमच्या सौ.नं सांगून ठेवलं होतं की मी ‘हॉटेल मॅनेजमेंटमध्ये’ आहे. भिशीतल्या एका बाईनं खोदून विचारलं, “म्हणजे नक्की काय करतात हो?” सौ. म्हणाली, “येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघतात.” यात एक अक्षर खोटं नाही.

आमचे पूर्वज शिंद्यांच्या शिलेखान्यावर होते. शिलेखाना म्हणजे हत्यारं ठेवायची कोठी. आमच्या घरात दर पिढीला या पूर्वजाला बढती मिळते. आजोबा सांगायचे, तिथं कारकून होते. वडील सांगायचे, दारोगा होते. मी सांगतो, त्यांच्या परवानगीवाचून खुद्द महाराजांना तलवार मिळत नसे. माझा मुलगा काय सांगेल देव जाणे. पण घराण्याचा धंदा माझ्यापाशी फिरून आला तो असा बारच्या दारात, हे मात्र आजोबांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

आता धंदा समजावून सांगतो.

आमच्याकडे माळव्यात ऐपत आली की माणूस आधी घर बांधतो, मग गाडी घेतो, आणि मग त्याला जिवाची भीती वाटायला लागते. मग तो परवाना काढतो. परवान्यात काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही, त्यांनीही वाचलेलं नसतं. कशाला पाहिजे विचारलं तर शब्द एकच, “आत्मरक्षा!” चंद्रलोकच्या हॉलमध्ये मी कधी कधी नजर फिरवायचो. या टेबलावर आत्मरक्षा, त्या टेबलावर आत्मरक्षा, कोपऱ्यात दोन आत्मरक्षा. सगळेच आत्मरक्षक, हल्लेखोर शोधून सापडायचा नाही. हा त्याच्यापासून स्वतःला वाचवायला आलेला, आणि तो ह्याच्यापासून. दोघे नुसते घरी राहिले असते तर दोघेही वाचले असते.

कमरेला हत्यार असलेला माणूस कसा ओळखायचा? अगदी सोपं आहे. तो बसताना आधी विचार करतो, मग बसतो. मे महिन्यात जाकीट घालतो. गर्दीतून जाताना लोक खिसा चाचपतात, हा कंबर चाचपतो. पाठीशी भिंत असलेली खुर्ची त्याला हवी असते. आणि एक लक्षात ठेवा. पहिल्या पेगला माणूस कमरेचं पिस्तूल विसरतो. तिसऱ्या पेगला त्याला ते आठवतं. माझी सगळी नोकरी त्या आठवण्याच्या आधी उरकायची असायची.

शिलेखाना सुरू झाला तो संडासातून. लाज वाटण्यासारखं आहे, पण इतिहास हा असाच असतो. एक ठेकेदार लघवीला गेले. जाताना रिव्हॉल्व्हर काढून फ्लशच्या टाकीवर ठेवलं, आणि आले तसेच बाहेर. त्यांच्या मागून एक शाळामास्तर आत गेले. प्रामाणिक माणूस, पण चांगलाच चढलेला. ते रिव्हॉल्व्हर हातात घेऊन हॉलच्या मधोमध आले, ते सगळ्यांवरून गोल फिरवलं आणि म्हणाले, “भिया, ये किसका है? जिसका हो, ले लो।”

सगळा हॉल टेबलांखाली. ज्यांचं रिव्हॉल्व्हर ते ठेकेदार सर्वांत खाली. मास्तर बिचारे दुखावले. “अरे, मैं तो लौटा रिया हूँ!” असं म्हणत ज्या-ज्या टेबलाकडे वळत तिथून किंकाळी येई.

त्यावर बडे सेठ, म्हणजे आमचे जुने मालक, मला म्हणाले, “भाऊ, कुछ करो।” मी कारखान्यातून भंगारात निघालेलं एक लोखंडी कपाट आणवलं, कामगारांचे कपडे ठेवायचं, लहान-लहान खणांचं. ते दाराशी उभं केलं, वर महाकालाची तसबीर लावली आणि शेंदरानं लिहिलं ‘शिलेखाना’. आमची मराठी अशी आहे की पुण्याच्या पाहुण्यांना ती हिंदी वाटते आणि इथल्यांना संस्कृत. गिऱ्हाइकांनी त्याचं ‘सिलेखाना’ करून टाकलं.

पण हत्यार मागायचं कसं? मागितलं की माणूस ताठतो. शिवाय कायद्यानं दुसऱ्याचं हत्यार मी हातात धरता कामा नये. म्हणून मी मागायचोच नाही. हात जोडून म्हणायचो, “जय महाकाल, हुकुम। राजाची नगरी आहे. महाकालाखेरीज इथं बाकीचे राजे रात्रीचा मुक्कामसुद्धा करत नाहीत, मग दरबारात शस्त्र कसं न्यायचं? आप अपने हाथ से रखो, अपने हाथ से ताला लगाओ, और चाबी आपके ही पास।” हुकुम म्हणजे आपलं ‘सरकार’, आणि त्यात राजा शब्द ऐकला की माणूस आपोआप दरबारी होतो. तो आपल्या हातानं खणात पिस्तूल ठेवी, आपल्या हातानं कुलूप लावी. मग मी त्याची किल्ली त्याच्याच मनगटाला कलाव्यानं बांधून देई. कलावा म्हणजे देवळात बांधतात तो लाल-पिवळा दोरा. तो बांधायला नाही म्हणणारा उज्जैनमध्ये अजून जन्मला नाही, आणि कापायची तर कुणाची हिंमत नाही.

आता माझी खरी कला ऐका. लोक सुरगाठ मारतात, मी निरगाठ मारायचो. आणि कलावा आधी वाटीतल्या पाण्यात बुडवायचो. ओला दोरा वाळला की गाठ अशी आवळते की शुद्धीतल्या माणसाला नखं लावून, जीभ बाहेर काढून, दोन मिनिटं खपावं लागतं. प्यायलेल्याला रात्रभर सुटत नाही. नियम साधा होता, आपली गाठ आपण सोडायची. सुटली तर हत्यार घेऊन जा, नाही सुटली तर उद्या उन्हात या. माणूस निघताना दाराशी उभा राहून गाठीशी झटापट करी, घामाघूम होई, आणि शेवटी स्वतःच म्हणे, “रेन दो भाऊ, कल ले जाऊँगा।” मी कुणाला कधी ‘तुम्हाला चढली आहे’ म्हणालो नाही. गाठ सांगायची.

किल्लीची पुढे इतकी शान झाली की मनगटावर किल्ली नसलेल्याला वेटर पाणी उशिरा देत, असं लोक म्हणायचे. बिनहत्यारी लोक हट्ट धरू लागले. आमचे जोशी मास्तर, बँकेतून निवृत्त झालेले. (मास्तर ते कधीच नव्हते, पण सगळ्यांच्या चुका काढायचे म्हणून मास्तर.) रोज दुपारी येऊन एक बिअर आणि चार तास घेत. एक दिवस मला म्हणाले, “भाऊ, मला पण खण पाहिजे.”

“मास्तर, तुमच्याकडे हत्यार कुठाय?”

त्यांनी कोटाच्या खिशातून सुपारीचा अडकित्ता काढला. “हे काय आहे? यानं बोट जातं माणसाचं.”

“कुणाचं गेलंय?”

“माझंच जाता जाता राहिलंय. लिहा.”

“इथं लिहीत नाहीत मास्तर, बांधतात.” आणि बांधली किल्ली. अडकित्त्याला शेवटचा, खालचा खण मिळाला. दसऱ्याला मी कपाटाला झेंडूची माळ घालायचो आणि सगळे किल्लीवाले शस्त्रपूजनाला यायचे, तेव्हा मास्तर त्यांच्या अडकित्त्याला वेगळं कुंकू मागून घेत.

सगळं जिंकलोच असं नाही. एक रस्त्याचे ठेकेदार होते, देवमाणूस. वर्षानुवर्षं माझी निरगाठ सोडून सोडून त्यांच्या बोटांना इतकी सवय झाली की कितीही प्यायले तरी चुटकीसरशी सोडत. गाठ सोडायला शिकले, बाटली सोडायला शिकले नाहीत. शेवटी लिव्हरनं गेले. हत्यारापासून मी त्यांना रोज वाचवत होतो. ज्यापासून वाचवायचं होतं त्याच्याकडे रोज दार उघडून, सलाम करून आत सोडणारा मीच. हे झालं एवढं. पुढे चला.

बडे सेठ गेले आणि छोटे सेठ गल्ल्यावर बसले. मुलगा चांगला, इंदूरला शिकलेला, पण भित्रा. एकदा हॉलमध्ये दोन टेबलांची हाणामारी झाली आणि एक खुर्ची उडत येऊन त्यांच्या डोक्यावरच्या घड्याळावर बसली. झालं. त्यांनी धावपळ करून परवाना काढला, आणि एका सकाळी कमरेला रिव्हॉल्व्हर लावून गल्ल्यावर आले. काळं कातडी पाकीट, शर्ट मुद्दाम आत खोचलेला, म्हणजे सगळ्यांना दिसावं.

मी म्हणालो, “सेठ, हे शिलेखान्यात.”

“भाऊ, मैं मालिक हूँ।”

“मालक आहात म्हणूनच. तुम्ही घालून बसलात तर मी दुसऱ्याला कोणत्या तोंडानं सांगू?”

“आत्मरक्षा के लिए है,” सेठ म्हणाले. ऐकून माझी मिशी एका बाजूनं खाली आली.

झालंही तसंच. कमरेवाले दारात यायचे, माझ्या खांद्यावरून गल्ल्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “पहले सेठ की रखवाओ।” एकेक खण रिकामा होत गेला. इतक्या वर्षांचा माझा शिलेखाना, आणि आता त्यात उरला काय, तर अडकित्ता! मी सेठना स्पष्ट सांगितलं, “एका म्यानात… जाऊ द्या, एका हॉलमध्ये तुमचं रिव्हॉल्व्हर आणि माझा नियम दोन्ही राहायचे नाहीत. एक ठरवा.”

सेठनाही राग आला. म्हणाले, “ठीक है। मैं दुनाली वाला गनमॅन बुलवा रिया हूँ. तो हॉलच्या आत उभा राहील. तुम्ही मागे स्टोअर बघा, बटाटे-कांदे.” मग थोडे नरमले. “भाऊ, आप ही बोलो, कोई सच में तान दे, तो आपका धागा क्या कर लेगा? एकदा, फक्त एकदा दाखवा मला. हत्याराला नुसत्या हातानं थांबवलंत तर मी स्वतः येऊन कपाटात ठेवीन.”

“आणि नाही थांबवलं तर?”

“तो फिर बटाटे।”

म्हणजे एका बाजूला मी, माझं दार, माझे पूर्वज, आणि दुसऱ्या बाजूला बटाटे. घरी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, “तिथे निदान बसायला तरी मिळेल.” बायकांना इतिहासाची कदर नसते.

गनमॅन पुढच्या आठवड्यात यायचा होता, आणि त्याआधी आली क्रिकेटची मॅच. भर दुपार, बाहेर ऊन मी म्हणत होतं. सेठनी नवा टीव्ही घेतला होता, भिंतीएवढा, आणि तो गल्ल्याच्या अगदी वर लावला होता. भिंत कसली, प्लायवुडचं पार्टिशन. पलीकडे भटारखाना, आणि तिथे कढईसमोर आमचे महाराज भजी तळत उभे. हे ध्यानात ठेवा.

बंटी भैया आला. प्लॉटचा धंदा, बोटभर सोन्याचं कडं, आणि शर्टाखाली पिस्तूल. मी हात जोडले. तो म्हणाला, “पहले सेठ की।” मी सेठकडे पाहिलं. सेठनी पंख्याकडे पाहिलं. बंटी माझ्या खांद्याला हलकी टपली मारून आत गेला. माझ्या दारातून एक जागं हत्यार माझ्या डोळ्यांदेखत आत गेलं, आणि मी बाजूला सरलो. त्या टपलीचा खांदा अजून दुखतो.

बंटीचा एक लाडका बॅट्समन होता. आत आल्यापासून बंटी सगळ्या हॉलला त्याची थोरवी ऐकवत होता. तो बॅट्समन आल्या पावली आउट झाला. टीव्हीवाल्यांनी ते पुन्हा दाखवलं. मग हळू करून पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा बंटी उठला.

“इस टीवी को तो मैं…”

आणि पिस्तूल बाहेर. टीव्हीवर रोखलेलं. टीव्हीमागे प्लाय, प्लायमागे महाराज, महाराजांच्या हातात भज्याचं पीठ.

टीव्हीखाली सेठ. ते ताडकन उभे राहिले. “मेरा टीवी!” म्हणाले आणि रिव्हॉल्व्हर काढलं. टीव्हीच्या आत्मरक्षणासाठी. बंटीची नळी टीव्हीवरून उतरून सेठच्या छातीवर आली. सेठची नळी कधी इकडे, कधी तिकडे, सगळ्या हॉलवर. लोक खुर्च्यांतच थिजले. टेबलाखाली जायलाही कुणी हललं नाही.

माझ्या हातात काय होतं? कलाव्याचं रीळ आणि पाण्याची वाटी. मी दोघांच्या मधे धावलो. इतरांना सांगतो तेव्हा मी चालत गेलो, संथ, वाघासारखा. पण इथं छापून यायचंय म्हणून सांगतो, धावलो. आणि ओरडलो. आयुष्यात इतक्या जोरात मी ओरडलो नव्हतो. देवास गेटपर्यंत ऐकू गेलं असणार.

“खाली! अरे खाली! दोन्ही खाली!”

आता परगावच्या वाचकांसाठी फोड करतो. मी ओरडलो मराठीत. खाली, म्हणजे हात खाली करा, नळी जमिनीकडे. तुम्हाला कळलं, मला कळलं. पण हॉल हिंदीचा, आणि हिंदीत खाली म्हणजे रिकामी.

टीव्हीवर कुणीतरी चौका मारला, पण कुणाचं लक्ष नाही.

बंटी म्हणाला, “क्या बोला?”

कोपऱ्यातून, शेंगदाणे खात, जोशी मास्तरांचा आवाज आला. सगळ्या आयुष्यात लोकांच्या मराठीतल्या चुका काढलेला माणूस, त्याला ‘खाली’ कळत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. मास्तर म्हणाले, “भाऊ के रिये हैं, दोनों की खाली है।”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. मग सगळा हॉल.

पिस्तूल रोखलेल्या माणसाला शिवी दिलेली चालते, विनवणी चालते. हसणं चालत नाही. बंटीचं तोंड लाल झालं. “खाली? मेरी? मेरी खाली?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की माझ्या तोंडून काय निघून गेलंय. शिलेखान्यावरच्या पूर्वजांना मनात नमस्कार केला आणि ते पुढे दामटलं. “भैया, आप अंदर आए तभी समझ गया था। भरी हुई का वजन अलग होता है. माणूस एका अंगानं चालतो. आप तो फूल जैसे आए।”

“फूल?” बंटी किंचाळला. त्यानं खटकन मॅगझीन काढलं आणि टेबलावर आदळलं. “ले! देख ले! ये क्या है? फूल है?”

मी वाकून बघितलं, मान डोलावली. “हओ, ये तो डिब्बे में हैं। डिब्बे में तो कोई भी रखता है। नली में क्या है? हवा?”

मास्तर म्हणाले, “हवा ही होगी।”

बंटीनं रागानं वरचा भाग मागे खेचला. नळीतली गोळी टुणकन उडाली आणि शेजारच्या टेबलावरच्या सेव-परमलच्या, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांच्या, प्लेटमध्ये जाऊन पडली. “ये! ये है हवा?” असं म्हणून त्यानं पिस्तूलही टेबलावर आपटलं.

आता ते दोन्ही भाषांत खाली होतं.

इकडे सेठनाही चेव आलेला. हॉल हसतोय म्हणजे काय, मालकाची इज्जत आहे! “मेरी भी देखो! मेरी भी!” म्हणत त्यांनी रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडून वर धरलं. मी अगदी जवळ होतो, म्हणून मलाच दिसलं. चक्राच्या एकेका भोकातून पलीकडच्या ट्यूबलाइटचा लख्ख उजेड येत होता. एकही गोळी नाही. सेठनी इतक्या दिवसांत त्यात गोळी घातलीच नव्हती.

सेठना स्वतःलाच त्या क्षणी आठवलं. त्यांचा चेहरा मैद्यासारखा झाला. दुसऱ्या श्वासाला सगळ्या हॉलला दिसणार होतं. मी पुढे झालो आणि त्यांच्या मुठीवर माझा पंजा ठेवला. हत्यारावर नाही, मुठीवर. माझा नियम मी मोडलेला नाही. आणि मोठ्यानं म्हणालो, “बस सेठ, बस! देख ली। ठसाठस भरी है. बंद करा, एखादी निसटून पडेल.”

चक्र बंद झालं. सेठनी माझ्याकडे असं पाहिलं की सांगता येत नाही.

मग ते गल्ल्यावरून उतरले, सगळ्या हॉलसमोरून चालत दाराशी गेले, रिव्हॉल्व्हर शिलेखान्यात ठेवलं, कुलूप लावलं आणि मनगट पुढे केलं. “बाँधो भाऊ।” मी वाटीत बघितलं, पाणी सगळं सांडलं होतं. मास्तरांनी त्यांच्या ग्लासातली बिअर ओतली. “महाकालाच्या नगरीत काळभैरव पण आहे, आणि त्याला नैवेद्य दारूचाच,” म्हणाले. बिअरमधल्या कलाव्याची निरगाठ मी त्याच दिवशी मारली, आणि अनुभवानं सांगतो, पाण्यापेक्षा जास्त बसते.

सेठपाठोपाठ कमरा उठल्या. ज्यांनी ज्यांनी आत नेलं होतं ते सगळे दाराशी रांगेत. शेवटी बंटी. “मैं तो बस दिखा रिया था,” पुटपुटत. त्याची गाठ मारताना मी माझा दुखरा खांदा पण कामाला लावला. ती त्याला त्या दिवशी सुटली नाही, दुसऱ्या दिवशी सुटली नाही. तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली, बंटी मागे शेळीसारखा. तिनं दारातच त्याचं मनगट धरलं, दातांनी गाठ सोडली, किल्ली माझ्यासमोर हलवली. “भाऊ, ये अब मेरे पास रहेगी।” कुलूप काढून पिस्तूल तिनं स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन जमा केलं. त्या रस्त्याच्या ठेकेदारांनंतर उज्जैनमध्ये माझी निरगाठ हरली ती फक्त त्या माउलीपुढे, आणि त्या हरण्याचा मला अभिमान आहे.

गनमॅन आलाच नाही. बटाटे दुसऱ्यानं सांभाळले. मीही सेठना कधी विचारलं नाही. एकदा चहा पिताना त्यांनीच खालच्या आवाजात सांगितलं, “भाऊ, भरके बैठने में डर लगता था। नळी कुठे बघते ते तुम्हाला माहितेय.” मी म्हणालो, “कशाबद्दल बोलताय सेठ? ठसाठस भरलेलं होतं.” हे गुपित आज पहिल्यांदा लिहितोय. छोटे सेठ मराठी वाचत नाहीत, म्हणून.

पुढे शहरात दारूबंदी झाली. चंद्रलोकची पाटी उतरली, ‘चंद्रलोक भोजनालय, शुद्ध शाकाहारी’ अशी चढली. जिथं पेग मोजायचे तिथं आता दाल-बाफले वाढतात. लोक म्हणाले, आता भाऊ घरी बसणार. सेठ म्हणाले, भाऊ दारातच. सौ. आता सगळ्यांना मोकळेपणानं सांगते की मी भोजनालयात आहे, आणि कुणी विचारतसुद्धा नाही. शिलेखानाही तिथंच आहे. दर्शनाला आलेले लोक त्यात पिशव्या ठेवतात. जोशी मास्तर मुलाकडे पुण्याला गेले. अडकित्ता अजून खालच्या खणात आहे आणि किल्ली पुण्यात. दसऱ्याला मास्तर किल्लीला कुंकू लावून फोनवर फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, ‘माळ नीट घाला, मागच्या वेळी वाकडी होती.’

गेल्या महिन्यात भर दुपारी बाहेरगावचा एक पाहुणा आला. धट्टाकट्टा, सोबत मंडळी, जाकीट. बसायच्या आधी त्यानं विचार केला, मग बसायला लागला. मी हात जोडून पुढे झालो. “जय महाकाल, हुकुम। राजाची नगरी आहे…”

त्यानं मला खालीवर बघितलं. “काका, यहाँ तो दारू भी नहीं मिलती। तो फिर काहे का डर? आत्मरक्षा के लिए है, लायसन्सी है।”

बरोबर होतं त्याचं. बिनदारूच्या दारात माझा नियम कोण मानणार? मी दाराकडे परत वळलो.

तेवढ्यात गल्ल्यावरून, बिलं लिहिता लिहिता, मान वर न करता छोटे सेठ म्हणाले, “खाली।”

पाहुणा वळला. “क्या बोले?”

“कुछ नहीं, भाईसाब,” सेठ म्हणाले. “भाऊ के इशारे से समझ गया था मैं। खाली है।”

“खाली? मेरी?” पाहुण्याचा हात जाकिटाखाली गेला. “ये देखो, ये…” आणि मॅगझीन काढायला लागला.

मी सेठकडे पाहिलं. सेठ बिलं लिहीत होते, पण मिशीतल्या मिशीत हसत होते. आणि त्यांना मिशी नाही.

मी कलावा वाटीत बुडवला.